पूल आणि चर्च यांच्या मधला तुकडा

पृथ्वीच्या पाठीवर इंग्लंड पाहण्याची सगळ्यांत जास्त लायकी असलेला आणि तरीही इंग्लंड न पाहिलेला माणूस कोण, असं मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून माझ्या मावशीच्या नवऱ्याकडे बोट दाखवीन. लंडन नव्हे हं. लंडनचं नाव काढलं की काका नाक मुरडायचे. "गर्दीच बघायची तर दादर काय वाईट आहे?" त्यांचा जीव होता तो तिथल्या खेड्यांवर. गवताने शाकारलेली बसकी घरं, चारशे वर्षांत एका अंगाला कलून तिथेच टेकलेल्या भिंती, चौकोनी मनोऱ्याचं चर्च आणि आवारात त्या चर्चहून जुनं झाड. कुठल्या परगण्यात भिंतीला कुठला दगड वापरतात, कुठल्या गावातल्या तुळया जुन्या जहाजांच्या लाकडाच्या आहेत म्हणून सांगतात आणि ती शुद्ध थाप कशी आहे, हे सगळं काका न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता सांगायचे. सांगून झालं की खिडकीबाहेर बघायचे, समोरच्या ओळीने उभ्या असलेल्या एकसारख्या घरांवरून नजर फिरवायचे आणि सुस्कारा सोडून म्हणायचे, "आणि आपण कुठे राहतो? पुठ्ठ्यात." मग पोहे गार झाले म्हणून मावशीवर करवादायचे.

मी २००१ साली पिस्कॅटवेला एम. एस. करायला आलो. खिशात मावशीचा फोन नंबर आणि बॅगेत आईने तिच्यासाठी दिलेली कुळथाची पिठी. दर शनिवारी काका गाडी घेऊन मला न्यायला यायचे, कारण मावशीने बहिणीला शब्द दिला होता की पोराला आठवड्यातून एकदा तरी नीट जेवायला घालीन. हे जेवण मला फुकट पडलं असं कुणी समजू नये. पिस्कॅटवे ते पार्सिपनी पाऊण तास, आणि तो पाऊण तास काका बोलायचे. ते एका कंपनीत शॉपिंग प्लाझांची स्ट्रक्चरल ड्रॉइंग्ज करायचे. म्हणजे वाण्याचं दुकान, शेजारी पिझ्झा, शेजारी ड्रायक्लीनर आणि पुढे पार्किंग, अशी जी लांबलचक खोकी अमेरिकाभर पडलेली असतात, त्यांच्यातली कित्येक काकांच्या हातची. वाटेत तसलं एखादं दिसलं की ते गाडी हळू करायचे. "हे माझं. पंचवीस वर्षं टिकेल." जरा पुढे, "हेही माझंच. वीस." एका शनिवारी असं एक खोकं पाडायला यंत्रं आली होती, तर काकांनी गाडी बाजूला घेतली आणि दोघं जण आम्ही अर्धा तास बघत उभे राहिलो. "अठरा वर्षं," काका म्हणाले. "आम्हाला मूल झालं असतं तर ते आत्ता कुठे कॉलेजात गेलं असतं." मी त्या महिन्यात तीनदा इंटरव्ह्यूला नापास झालेला माणूस. डॉट-कॉम बुडालेलं, सगळीकडे ले-ऑफ, आणि शनिवारी हे. पोटभर आमटी-भात खाऊन मी परत यायचो तो जीव द्यावासा वाटत यायचो.

लोकांच्या घरी तर काकांना न्यायची सोय नव्हती. कुणा मराठी माणसाने नवीन घर घेतलं की वास्तुशांत व्हायची, शंभर माणूस जमायचं, आणि प्रसादाच्या रांगेतून काका हळूच भिंतीकडे सरकायचे. बोटाच्या पेराने टकटक करायचे. कान लावायचे. आणि मग यजमान कौतुकाने हसत समोर उभा असताना सांगायचे, "छप्पर पंधरा वर्षं. भिंती तीस. आणि तो मागचा लाकडी डेक आहे ना, त्याच्यावर गणपतीत नाचू नका." मावशी मागून हात धरून ओढायची, "अहो, चला, शिरा घ्या." तिने पंचवीस वर्षं ह्या माणसाच्या मागे फिरत लोकांची समजूत घातली होती. "ह्यांचं मनावर घेऊ नका, हे चर्चच्या भिंतीलासुद्धा असंच ठोकून बघतात," असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं.

रविवारी दोघं फिरायला जायचे ते इंग्रजी नावांच्या गावांना. न्यू जर्सीत त्या नावांना तोटा नाही; आले ते लोक येताना गावाचं नाव तेवढं बरोबर घेऊन आले. चेस्टर, मेंडम, डोव्हर, काकांनी नकाशावर खुणा करून एकेक गाव पालथं घातलं. जाताना उत्साहात आणि येताना सुतकात, असा त्यांचा दर रविवारचा क्रम. एखाद्या ठिकाणी दोनशे वर्षांची खानावळ निघायची, बाहेर पाटी, की इथे अमुक सेनापती एक रात्र झोपला होता. काका पाटी वाचून म्हणायचे, "झोपला होता! एक रात्र! अरे, आमच्या गावच्या नदीच्या घाटावर धोबी याच्या आधीपासून कपडे आपटतोय, त्याची कुणी पाटी लावली नाही." इंग्लंडहून त्यांच्याकडे जुन्या इमारतींविषयीचं एक मासिक यायचं. त्यात शेवटच्या पानावर कुठे काय पडलं, कुठे काय जळालं, कुणी कुठल्या दगडी चौकटी काढून प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या, असे समाचार असत. काका मासिक मागून पुढे वाचायचे. एकदा पाचशे वर्षांचं धान्याचं कोठार जळाल्याची बातमी आली त्या दिवशी नेमका मावशीचा वाढदिवस होता. काकांनी श्रीखंडाला हात लावला नाही. "अहो, माझा वाढदिवस आहे," मावशी म्हणाली. "तू पुढच्या वर्षी पुन्हा असशील," काका म्हणाले, "कोठार नसेल."

आता हे वेड आलं कुठून? काका नऊ वर्षांचे असताना चिंचेवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. मिशनच्या दवाखान्यात तीन महिने पाय टांगून पडून होते. तिथे एक इंग्रज नर्स होती, सिस्टर म्हणायचे तिला. तिने ह्या रडव्या पोराला गप्प करायला लाकडी तुकड्यांचं एक जिगसॉ कोडं दिलं. डबा नाही, झाकणावरचं चित्र नाही. नुसते दोनशे तुकडे एका खाकी पिशवीत. जोडता जोडता एक गाव तयार व्हायचं. डावीकडे दगडी पूल, उजवीकडे चर्च, मागे सात घरं, एका घराच्या धुराड्यातून धूर. आणि पूल नि चर्च यांच्या बरोबर मध्ये एक तुकडा हरवलेला. पोराने ते गाव तीन महिन्यांत किती वेळा बांधलं आणि मोडलं त्याला गणती नाही, पण मधलं भोक काही बुजेना. एक दिवस सिस्टर म्हणाली, हे माझ्या माहेरच्या शेजारचंच गाव आहे, आणि गावाचं नाव सांगितलं. पोराने विचारलं, मग इथे मध्ये काय आहे? सिस्टर आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली, "तू चालायला लाग. मग जाऊन बघ."

झालं. माणूस चालायला लागला, इंजिनिअर झाला, लग्न झालं, अमेरिकेत आला, केस पिकले, पण जाऊन बघायचं राहिलंच होतं. ती खाकी पिशवी मात्र समुद्र ओलांडून आली होती. दर दिवाळीत पाडव्याच्या दिवशी काका कॅरमबोर्ड उलटा करून त्यावर ते कोडं लावायचे. मावशीने औक्षण करायचं, काकांनी ओवाळणी घालायची, आणि मग दोघांनी मिळून गाव बांधायचं, हा त्यांच्या घरचा कुळाचार. शेवटी भोक उरलं की दरवर्षी दोघांनी एकेक अंदाज सांगायचा. काका म्हणायचे लोहाराचा भाता, विहीर, घोड्यांचं पाणी पिण्याचं टाकं. मावशी म्हणायची, "बाई असेल धुणं वाळत घालणारी. सात घरं आहेत आणि एक बाई दिसत नाही कुठे, म्हणजे काय?" ते गाव कुठलं ते मी इथे सांगणार नाही. काकांनी मला शपथ घातली आहे, आणि शपथ मोडायची वेळ माझ्यावर एकदा येऊन गेली तेवढी पुरे.

तुम्ही म्हणाल, मग हा गृहस्थ गेला का नाही? न्यूयॉर्कहून सहा-सात तासांचं तर विमान. सांगतो, आणि इथे मला अजून राग येतो. पूर्वी आपल्या माणसाला तिकडे फिरायला जायला व्हिसा लागत नसे. तेव्हा काकांकडे पैसे नव्हते. पैसे झाले, तिकिटं काढायच्या बेतात होते, आणि नियम आला की भारतीय पासपोर्टवाल्यांनी आधी व्हिसा काढावा. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "दीडशे वर्षं आमच्या घरात राहिले, येताना विचारलं होतं का आम्हाला? आणि मी तीन आठवडे त्यांचं चर्च बघायला जाणार, तर मी फॉर्म भरू? जमणार नाही." मावशी म्हणाली, अहो, चर्चने काय केलंय तुमचं? पण नाही म्हणजे नाही. भारतात जातानासुद्धा लंडनवरून जायचं नाही, फ्रँकफर्टवरून जायचं. त्यातही खिडकीची जागा हवी, कारण विमान इंग्लंडवरून गेलं तर वरून बघायला परवानगी लागत नाही! सात वेळा गेले असे. सातही वेळा खाली ढग.

अमेरिकन नागरिक झालं की इंग्लंडला व्हिसा लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण वीस-बावीस वर्षं त्यांचं 'पुढच्या वर्षी भारतात परत जायचं' हेच चाललं होतं. अखेर मी आलो त्याच्या पुढच्या वर्षी त्यांनी ठरवलं, की परत जाणं काही होत नाही, निदान हे तरी होऊ दे. नवरा-बायकोने एकाच दिवशी नागरिकत्वाचे अर्ज टाकले. मावशीचा अर्ज आठ महिन्यांत मंजूर. काकांचा इंटरव्ह्यू झाला, परीक्षा झाली, सगळी उत्तरं बरोबर, आणि मग पत्र आलं, की आपल्या नावाची तपासणी चालू आहे. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले त्या सप्टेंबरनंतर सगळ्यांच्याच तपासण्या लांबल्या होत्या. त्यात काकांचं नाव-आडनाव म्हणजे महाराष्ट्रात दर गल्लीला एक. वर्ष गेलं. दुसरं गेलं. काका दर महिन्याला फोन करायचे, आणि पलीकडची बाई दर महिन्याला तितक्याच गोड आवाजात सांगायची की तपासणी चालू आहे. मावशीचा निळा अमेरिकन पासपोर्ट देव्हाऱ्याखालच्या खणात कोरा पडून होता. "तू जाऊन ये ना एकटी," मी तिला एकदा म्हटलं. "हो, आणि तिथून ह्यांना फोन करून काय सांगू?" ती म्हणाली. "गाव ह्यांचं आहे. मी आपली सोबत."

ह्या वाट बघण्याच्या काळात काकांनी मागच्या अंगणातली शेड गवताने शाकारायला काढली. कुणालाही वाटेल की ह्यात विनोद आहे. मला विनोद दिसला नाही, कारण हायवेच्या कडेच्या दलदलीत गुडघाभर चिखलात उभं राहून बोरू कापायला मी होतो. तीन शनिवार आम्ही पेंढ्या वाहिल्या. काकांनी इंग्लंडची पुस्तकं उघडून, कोन मोजून, दोऱ्या बांधून छप्पर घातलं, आणि पहिल्याच पावसात ते शाल घसरावी तसं पुरं खाली आलं. आणि मग जे मी बघितलं ते जन्मात विसरणार नाही. मावशी आतून बाहेर आली. ओढणी कमरेला घट्ट बांधली आणि शिडी लावून वर चढली. मावशी कोकणातली. तिच्या माहेरचं घर दर वैशाखात शाकारायचं असे, आणि थेंब गळाला की तो नेमका हिच्या अंथरुणावर गळायचा. "ह्या गवतातून सुटायला मी मॅट्रिकला रात्रीचा दिवस केला," ती वरून ओरडत होती, "आणि तुम्ही मला अमेरिकेत आणून पुन्हा गवतावर चढवलंत! ती पेंढी उलटी द्या. उलटी! बुडखा खाली! इंग्रजांनी एवढंसुद्धा शिकवलं नाही का तुम्हाला?" काका खालून मुकाट्याने पेंढ्या देत होते. छप्पर असं झालं की चार पाऊस पडले तरी शेडमध्ये थेंब नाही. काका रोज संध्याकाळी खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसायचे. मी त्यांना खूश झालेलं बघितलं ते तेवढे पाच आठवडे. सहाव्या आठवड्यात टाउनशिपचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा, माणूस आला. बिचारा सभ्य होता. छप्पर हाताने चाचपून म्हणाला की फार सुंदर काम आहे, आणि आगीच्या नियमाप्रमाणे हे पंधरा दिवसांत काढावं लागेल. काका खुर्ची उचलून आत निघून गेले. मावशीनेच पुन्हा शिडी लावली.

त्याच सुमारास माझ्या हातून ती गोष्ट झाली. युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये माझा प्रोग्रॅम चालून संपायला वेळ होता, म्हणून मी सहज इंटरनेटवर त्या गावाचं नाव टाकलं. कुणातरी हौशी माणसाने गावाची पंधरा-वीस छायाचित्रं चढवली होती. आणि त्यातलं एक अगदी कोड्याच्याच जागेवरून काढलेलं. डावीकडे पूल, उजवीकडे चर्च, मागे सात घरं. आणि मध्ये? मध्ये एक बाक होतं. साधं, दगडी, शेवाळलेलं, दोन माणसं बसतील एवढं बाक. लोहार नाही, विहीर नाही, काही नाही. माझं मन खट्टू झालं. पन्नास वर्षं ज्याच्यासाठी माणूस झुरला ते हे? शनिवारी गाडीत मी नुसतं म्हटलं, "काका, ते गाव इंटरनेटवर..." काकांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही कान झाकले. हायवेवर! "एक अक्षर बोललास तर शनिवार बंद! फोटोच बघायचा असता तर कोडं काय वाईट होतं? मला जाऊन बघायचंय. जाऊन!" गाडी लेनमध्ये आली तेव्हा मी आईची शपथ घेऊन सांगितलं की मरेपर्यंत बोलणार नाही.

पण मावशीला राहवलं नाही. त्याच दिवशी काका आंघोळीला गेले तशी तिने स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि कुजबुजत विचारलं, "काय आहे रे?" शपथ काकांची होती, मावशीची नव्हती, असा मी माझ्यापुरता न्याय केला. म्हटलं, "बाक आहे. दगडी. दोघांना बसायचं." मावशी माझ्याकडे बघत राहिली आणि हसायला लागली. पदर तोंडात कोंबून, ओट्याला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "बाक! आणि मी इतकी वर्षं धुणंवाली बाई शोधतेय!" मग डोळे पुसले, पोळी उलटली आणि म्हणाली, "ह्यांना सांगू नकोस हं. मी नेऊन दाखवते. पाय दुखले म्हणून तिथेच टेकते आणि म्हणते, या, बसा." तेव्हापासून पाडव्याला काकांचा अंदाज झाला की ती नुसती गालातल्या गालात हसायची. काका चिडायचे, "तुला काय झालंय?" ती म्हणायची, "मला ठाऊक आहे. नीट वागलात तर सांगेन."

२००६ च्या उन्हाळ्यात मावशीच्या पोटात दुखायला लागलं. ती महिनाभर ओवा खात राहिली. तपासण्या झाल्या तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं स्वच्छ सांगितलं. इकडे तशीच पद्धत आहे. घरी येताना ती गाडीत म्हणाली, "अहो, आता तरी तो व्हिसा काढा ना." तीस वर्षांत तिने ह्या माणसाकडे काही मागितल्याचं माझ्या ऐकिवात नाही. काका दुसऱ्या दिवशी सकाळी न्यूयॉर्कला गेले. मी बरोबर होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि हातात फाइल, तीत सगळं होतं, घराची कागदपत्रंसुद्धा. इतक्या वर्षांची जी भाषणं तयार होती त्यातलं एक वाक्य तोंडातून आलं नाही. फॉर्म दिला. खिडकीतल्या बाईने विचारलं, कशासाठी जायचंय? काका म्हणाले, "एक गाव बघायचंय. मिसेसना." ती म्हणाली, छान. पंधरा मिनिटांत आम्ही बाहेर होतो. चौथ्या दिवशी पासपोर्ट टपालाने घरी आला, आत व्हिसा चिकटवलेला. काकांनी ते पान माझ्यापुढे धरलं. "एवढंच होतं?" ते म्हणाले. "अरे, एवढंच होतं?" मला त्यांच्याकडे बघवेना. मी पाणी आणायला म्हणून आत गेलो.

तिकिटं ऑक्टोबरची काढली होती. सप्टेंबरात मावशीचं जेवण तुटलं, आणि जिना चढणं बंद झालं. डॉक्टर म्हणाले, विमानप्रवास नको. काकांनी तिकिटं कॅन्सल केली. त्या पाडव्याला गाव मावशीच्या पलंगावर बांधलं. ती पडल्या पडल्या एकेक तुकडा उचलून द्यायची. काकांनी अंदाज सांगितला नाही. तीच म्हणाली, "सांगू का आता?" काका म्हणाले, "नको. तू बरी हो, आपण जाऊन बघू." जानेवारीत ती गेली. मिशनच्या दवाखान्यातल्या त्या सिस्टरने नऊ वर्षांच्या पोराला चालायला लाग म्हणून सांगितलं होतं, आणि पोरगं चाललं ते फ्रँकफर्टवरून! मी फार संतापलो होतो काकांवर. तेराव्याला पानात वाढलेलं तसंच टाकून उठलो. माझ्या मावशीचं आयुष्य एका ताठ्यापायी बाहेर उभं राहिलं, असं मला वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही कधी कधी वाटतं. मग शनिवार आला. काका नेहमीच्या वेळेला गाडी घेऊन दारात. मला त्या वेळी नोकरी होती, माझी स्वतःची गाडी होती. तरी मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. त्या दिवशी वाटेत त्यांनी एकाही प्लाझाचं वय सांगितलं नाही.

काकांच्या नावाची तपासणी पुरी झाली ती २००८ च्या सुरुवातीला. एप्रिलात त्यांचा निळा पासपोर्ट आला. मी मुद्दाम रजा काढून गेलो. टेबलावर कोडं लावलेलं होतं. पाडवा नसताना लावलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. शेजारी दोन निळे पासपोर्ट, एक तिचा, एक त्यांचा, दोन्ही कोरे. काकांनी चहा केला होता. तीस वर्षांत न केलेला चहा. पाण्यासारखा आणि वर साखर न ढवळलेली. मी म्हटलं, "काका, आता कुणाला काही विचारायचं नाही. मे महिन्यात जाऊ. मी येतो बरोबर." काका कोड्यातल्या भोकाभोवती बोट फिरवत राहिले.

"तू तिला सांगितलं होतंस ना?" त्यांनी विचारलं. "मला माहीत आहे. मी त्या दिवशी आंघोळीला गेलोच नव्हतो लगेच. हसायचा आवाज आला होता."

"हो," मी म्हटलं.

"मग? काय म्हणाली?"

मी म्हटलं, "खूप हसली. ओट्याला धरून. डोळ्यांत पाणी आलं तिच्या."

"म्हणजे काहीतरी चांगलंच असणार," काका म्हणाले. "आणि?"

"आणि म्हणाली, ह्यांना सांगू नकोस. मी नेऊन दाखवते."

काकांचं बोट थांबलं. "नेऊन दाखवते म्हणाली?"

"हो."

बाहेर शेडच्या छपरावर एक खार इकडून तिकडे पळत होती. मग त्यांनी कोडं एका कडेने मोडायला घेतलं. आधी धूर, मग सात घरं, चर्च, शेवटी पूल. सगळे तुकडे खाकी पिशवीत भरले, वर दोन्ही पासपोर्ट ठेवले आणि नाडी ओढली. "मग मी एकटा जाऊन बघणं बरं नाही दिसणार," ते म्हणाले.

मला खूप बोलायचं होतं. वाद घालायचा होता, हात धरून विमानात बसवायचं होतं, निदान 'बाक आहे हो काका, नुसतं बाक' असं ओरडायचं होतं. मी चहा पूर्ण प्यायलो, तळाच्या साखरेसकट. निघताना दाराशी बूट घालत होतो तेव्हा काका मला पोचवायला म्हणून आले आणि सवयीने त्यांचा हात भिंतीकडे गेला. टकटक. कान लावला.

"किती वर्षं, काका?" मी विचारलं.

"पुरेल मला," काका म्हणाले.